पित्याचे तारुण्य, पुत्राची साक्ष : ‘डकवीड’मधील समेटाची मीमांसा

१

पिता आणि पुत्र यांच्यातील दुरावा हा बहुतेक कथनपरंपरांचा जुना विषय आहे. तो मिटविण्याच्या रीतीही तितक्याच जुन्या आहेत. पिता मृत्युशय्येवर असतो आणि पुत्र परत येतो. पुत्र संकटात सापडतो आणि पित्याचा ताठा ओसरतो. किंवा पुत्र स्वतः पिता होतो आणि मग त्याला आपला पिता उमगू लागतो. या तिन्ही रीतींत काळ पुढे सरकतो आणि समजुतीचे काम बहुतांशी तोच करतो. हान हान या चिनी लेखक-दिग्दर्शकाच्या ‘डकवीड’ या चित्रपटात ही दिशा उलटी केलेली आहे. येथे काळ मागे जातो. पुत्राचे वय तेच राहते, पिता मात्र त्याच्याएवढा, किंबहुना त्याच्याहून कोवळा होऊन त्याच्यासमोर उभा राहतो.

हा चित्रपट २८ जानेवारी २०१७ रोजी, म्हणजे चिनी नववर्षाच्या पहिल्याच दिवशी, चीनमध्ये प्रदर्शित झाला आणि त्याने शंभर कोटी युआनहून अधिक उत्पन्न मिळविले. नववर्षाचा सण हा चीनमध्ये कुटुंबाने एकत्र येण्याचा सण आहे. दूरच्या शहरांत कामाला गेलेली मुले या दिवसांत आईवडिलांकडे परततात आणि सगळे घर मिळून चित्रपट पाहायला जाते. ‘डकवीड’चा प्रथम प्रेक्षक असा होता : वर्षभर एकमेकांपासून दूर राहिलेले आणि आता शेजारी-शेजारी बसलेले बाप-लेक. या प्रेक्षकाला हसविणे आणि नंतर त्याचे डोळे ओले करणे, हे व्यावसायिक उद्दिष्ट उघड आहे. परंतु व्यावसायिक रूपबंधाच्या चौकटीतही एखादी कृती असा प्रश्न उभा करू शकते, की त्याचे पूर्ण उत्तर तिला स्वतःलाही देता येत नाही. ‘डकवीड’ अशा कृतींपैकी आहे. पित्याला समजून घेणे आणि पित्याशी समेट होणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा तो प्रश्न होय.

कथानक थोडक्यात असे. श्यू थायलांग (दंग छाओ) हा मोटारशर्यतींतील चालक आहे. या व्यवसायाला त्याच्या पित्याचा, श्यू चंगथायचा (एडी पंग), कायम विरोध राहिला आहे. थायलांगचा जन्म झाला तेव्हा पिता तुरुंगात होता. आई तो तान्हा असतानाच गेली. अजिंक्यपद मिळविल्यावर थायलांग पित्याविषयीचा रोष बोलून दाखवितो. पुढे पित्याला शेजारी बसवून तो गाडी हाकीत असता रेल्वेच्या फाटकावर अपघात होतो, आणि तो जागा होतो तो १९९८ मध्ये, तिंगलिन या गावात. तेथे चंगथाय नावाचा एक उमदा, भाबडा, स्वतःला टोळीनायक समजणारा तरुण त्याचा मित्र होतो. श्याओ मा आणि ल्यू यी हे चंगथायचे सोबती आणि श्याओ ह्वा (चाओ लीयिंग) ही त्याची प्रेयसी. थायलांग त्यांच्यातलाच एक होऊन जातो. पुढे ल्यू यी मारला जातो, चंगथाय सूडाला प्रवृत्त होतो, आणि ज्या तुरुंगवासाचे ओझे थायलांग जन्मभर वाहत आला तो का घडला, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागते.

२

कालप्रवासाची ही योजना केवळ चमत्कृतीसाठी नाही. तिचे कार्य ओळखण्यासाठी चिनी नीतिविचारातील एका जुन्या वर्गीकरणाकडे जावे लागते. मेन्सियसच्या नावे असलेल्या ग्रंथात माणसामाणसांमधील पाच मूलभूत नाती सांगितली आहेत : पिता-पुत्र, राजा-सेवक, पति-पत्नी, वडीलधारा-धाकटा आणि मित्र-मित्र. प्रत्येक नात्याचा स्वतंत्र धर्म आहे. पिता-पुत्रांमध्ये जिव्हाळा असावा, मित्रांमध्ये विश्वास असावा. या पाचांपैकी पहिली चार नाती कमी-अधिक प्रमाणात श्रेणीबद्ध आहेत. समपातळीवरचे नाते एकच, ते शेवटचे.

याच ग्रंथात या विचाराचा एक सूक्ष्म उपसिद्धान्तही येतो. परस्परांकडून सदाचरणाची मागणी करणे, चुकल्यास चूक दाखविणे, हे मित्रांचे काम आहे; पिता-पुत्रांनी ते आरंभिले तर जिव्हाळ्याचीच हानी होते, असे तेथे म्हटले आहे. प्राचीन लोक आपापले मुलगे शिकविण्यासाठी एकमेकांत बदलून घेत, तेही याच कारणाने. पित्याने पुत्राला शिकवावे तर राग येतो, राग आला की दुरावा येतो, आणि पिता-पुत्रांतील दुराव्याएवढे अशुभ दुसरे काही नाही. पितृभक्तीच्या परंपरेविषयी बोलताना तिच्या कठोरपणाचा उल्लेख नेहमी होतो. या नात्याच्या नाजूकपणाचे एवढे तीव्र भान त्याच परंपरेत होते, हे मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते.

‘डकवीड’चे कथानक या उपसिद्धान्ताचे जणू नाट्यरूपांतर आहे. वर्तमानात थायलांग आणि चंगथाय एकमेकांना चूक दाखविण्यापलीकडे काहीच करीत नाहीत. पिता शर्यतीच्या नादाला चूक म्हणतो, पुत्र पित्याच्या साऱ्या आयुष्यालाच चूक म्हणतो. पहिल्या नात्यात राहून जे बोलता येत नाही ते बोलता यावे म्हणून चित्रपट या दोघांना पाचव्या नात्यात नेऊन ठेवतो. १९९८ मध्ये थायलांग चंगथायला सल्ला देतो, त्याची चेष्टा करतो, त्याच्याशी भांडतो, त्याच्यासाठी मार खातो. मुलगा म्हणून यातले प्रत्येक कृत्य एक तर उद्धटपणा ठरले असते किंवा कर्तव्य. मित्र म्हणून ते केवळ मैत्री ठरते.

ही युक्ती हान हानने शून्यातून निर्माण केलेली नाही. पीटर चान आणि ली ची-न्गाय यांनी १९९३ मध्ये हाँगकाँगमध्ये केलेल्या चित्रपटात टोनी लेउंग च्यू-वाय हा पुत्र टोनी लेउंग का-फाय या पित्याच्या तारुण्यात जाऊन पोहोचतो. पित्याच्या उदारपणाला मूर्खपणा समजणारा मुलगा त्या उदारपणाचे मूळ जुन्या हाँगकाँगच्या शेजारधर्मात पाहतो. त्या चित्रपटाच्या चिनी नावाचा अर्थ ‘नवे समदुःखी भाऊ’ असा आहे, आणि ते नाव १९६० च्या एका लोकप्रिय कँटनी चित्रपटाची आठवण देणारे आहे. पिता-पुत्रांच्या कथेला भावांचे नाव देणे ही गोष्ट बोलकी आहे. श्रेणी मोडल्याशिवाय ओळख पटत नाही, हे सूत्र तेथेही होते. भारतीय वाचकाला या ठिकाणी ययाति आणि पुरु यांची कथा आठवणे स्वाभाविक आहे; परंतु तेथे वयाची अदलाबदल होते, समानता येत नाही. पुरु आपले तारुण्य देतो आणि श्रेणी अधिकच घट्ट होते. ‘डकवीड’मध्ये कोणी कोणाला वय देत नाही; दोघांना एकाच वयात उभे केले जाते.

आधुनिक चिनी साहित्यातही या नात्याची फेरमांडणी अनेकवार झालेली आहे. लू शुनने १९१९ मध्ये ‘नवयुवक’ या मासिकात लिहिलेल्या एका निबंधात पितृत्वाचाच विचार नव्याने केला. जन्म देणे हा मुलावरील उपकार नव्हे आणि म्हणून त्याची परतफेड मागण्याचा हक्क पित्याला नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यानंतर सहा वर्षांनी, १९२५ मध्ये, चू त्सछिंगने पित्याच्या पाठमोऱ्या आकृतीवर एक छोटा ललित लेख लिहिला. चीनमधील पिढ्यान्‌पिढ्यांनी तो पाठ्यपुस्तकात वाचला आहे. मुलाला निरोप द्यायला आलेला स्थूल पिता रूळ ओलांडून, समोरच्या फलाटावर कष्टाने चढून, त्याच्यासाठी संत्री घेऊन येतो, एवढाच त्यातील प्रसंग. त्याआधी मुलगा पित्याच्या गावंढळ बोलण्याला मनातल्या मनात हसलेला असतो. त्या हसण्याची लाज नंतर त्याच्या अश्रूंत मिसळते. हसणे आणि रडणे यांचा हा क्रम, आणि त्यांच्यामधले ते रेल्वेचे रूळ, ‘डकवीड’च्या संदर्भात लक्षणीय वाटतात. थेट प्रभावाचा दावा करण्याचे कारण नाही. परंतु चिनी प्रेक्षकाच्या मनात पित्याकडे पाहण्याची एक रीत आधीच घडलेली होती, आणि या चित्रपटाला ती उपलब्ध होती, एवढे निश्चित म्हणता येईल.

३

चित्रपटाचा पूर्वार्ध विनोदी आहे, आणि त्या विनोदाचा फार मोठा भाग १९९८ या वर्षावर उभा आहे. चंगथायला भविष्याची अचूक जाण असल्याचा विश्वास वाटतो. पेजरचे युग कधी संपणार नाही अशी त्याची खात्री असते आणि म्हणून तो पेजरचा साठा करून ठेवतो. २०१७ च्या प्रेक्षकाला हसू येते ते पेजरच्या नावाने नव्हे, चंगथायच्या आत्मविश्वासाने. त्याच्या शेजारी संगणकावर काहीतरी लिहीत बसलेला श्याओ मा दिसतो. टेन्सेंट या कंपनीचा एक संस्थापक मा ह्वाथंग याची छाया या पात्रावर आहे, हे चिनी प्रेक्षकाने सहज ओळखले. टेन्सेंटची स्थापना नोव्हेंबर १९९८ मध्ये शन्चनमध्ये झाली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये चीनच्या राज्यपरिषदेने नोकरीबरोबर घर देण्याची जुनी पद्धत बंद करण्याचा निर्णय घेतला आणि घरे बाजारात आली. सरकारी कारखान्यांतून लक्षावधी कामगारांना कमी केले जात होते तेही याच वर्षांत. ज्यांनी त्या काळात योग्य वस्तूवर पैसे लावले ते पुढे कोठल्या कोठे गेले; ज्यांनी पेजरवर लावले ते चंगथाय झाले.

म्हणजे येथील विनोद हा नाट्यगत उपरोधाचा आहे. प्रेक्षकाला आणि थायलांगला जे ठाऊक आहे ते चंगथायला ठाऊक नाही. या उपरोधाचे एक विशेष कार्य आहे, आणि ते चित्रपटाच्या भावार्थाशी निगडित आहे. पुत्राच्या स्मृतीतील पिता हा निर्णय देणारा पिता असतो. त्याला सगळे माहीत असते, किंवा तो तसे दाखवितो. १९९८ मधील पित्याला काहीही माहीत नाही. तो भविष्याविषयी अंदाज बांधतो आणि त्याचे सगळे अंदाज चुकतात. पुत्र हसतो, आणि त्या हसण्यात पित्याचा अधिकार प्रथमच सैल होतो. पुढे हेच हसणे करुणेत रूपांतरित होते, कारण ज्याचे सगळे अंदाज चुकणार आहेत अशा माणसावर राग धरणे अवघड असते. पित्याने मुलाच्या शर्यतींना केलेला विरोधही मग वेगळा दिसू लागतो. ज्याने एकदा सगळे पणाला लावून सगळे गमावले, त्याला पुत्राने प्रत्येक शर्यतीत आयुष्य पणाला लावलेले पाहवत नाही, असा त्याचा अन्वयार्थ लावता येतो. चित्रपट हे स्पष्ट शब्दांत सांगत नाही, हे त्याच्या श्रेयातच धरले पाहिजे.

चंगथायच्या वागण्याला आणखी एक संदर्भ आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत हाँगकाँगचे टोळीपट चीनच्या लहान शहरांतील व्हिडिओ-पार्लरांतून पाहिले जात. मित्रासाठी प्राण देणारा नायक, शब्दाला जागणारा गुंड, स्त्रियांचा रक्षक ही सगळी आदर्शमूर्ती तेथून आलेली. चंगथाय हा प्रत्यक्ष गुन्हेगारीपेक्षा त्या चित्रपटांचा अनुयायी अधिक आहे. तो जगतो ती संहिता त्याची स्वतःची नाही; ती उसनी आहे. ल्यू यीचा मृत्यू होतो तेव्हा मात्र या उसन्या संहितेची किंमत खरी मोजावी लागते. पडद्यावरच्या नायकाला सूड घेतल्यावर चित्रपट संपल्याची सोय असते. चंगथायला तुरुंगात जावे लागते, आणि त्याच्यामागे एक गरोदर स्त्री एकटी उरते.

४

कालप्रवासाच्या कथांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गात भूतकाळ बदलता येतो. रॉबर्ट झेमेकिस यांचा ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. तेथे मुलगा १९५५ मध्ये जाऊन दबलेल्या पित्याला धीट बनवितो, आणि परत आल्यावर त्याला यशस्वी, रुबाबदार पिता आयता मिळतो. त्या कथेत समेट नाही, दुरुस्ती आहे. नावडता पिता काढून त्याच्या जागी आवडता पिता बसविला जातो. दुसऱ्या वर्गात भूतकाळ अढळ असतो आणि प्रवासी केवळ साक्षी असतो. ‘डकवीड’ या दुसऱ्या वर्गातील आहे. ल्यू यी मरतो. चंगथाय तुरुंगात जातो. आई वाचत नाही. पेजरचा साठा तसाच राहतो. सगळे ठाऊक असूनही थायलांगच्या हातून इतिहासाचा एक टवकाही उडत नाही.

या निवडीत चित्रपटाचा प्रामाणिकपणा आहे. पुत्राला नवा पिता दिला जात नाही. जो होता तोच पिता त्याला दुसऱ्यांदा, दुसऱ्या बाजूने दिसतो. संस्कृत परंपरेतील ‘प्रत्यभिज्ञा’ ही संज्ञा येथे उपयोगी पडते. प्रत्यभिज्ञेत नवे ज्ञान होत नाही. पूर्वी ज्ञात असलेलेच ‘तेच हे’ म्हणून पुन्हा ओळखले जाते. या ओळखीची विनोदी पूर्वतयारीही चित्रपटाने कौशल्याने केली आहे. नावातील फरकामुळे श्याओ ह्वा आपली आई नव्हे, आपली आई दुसरीच कोणी, अशी थायलांगची समजूत असते आणि म्हणून तो तिला चंगथायपासून दूर करण्याचा खटाटोप करीत राहतो. स्वतःच्या जन्माच्याच वाटेत आपण आडवे येत होतो, हे त्याला उशिरा कळते. ज्या क्षणी चांग सूचन हे आईचे नाव श्याओ ह्वाचेच असल्याचे उघड होते, त्या क्षणी प्रहसनाचे सूत्र शोकात्म सूत्रात मिसळून जाते.

प्रवासाचे साधनही विचारात घ्यावयास हवे. येथे यंत्र नाही, मंत्र नाही. आहे तो अपघात आणि बेशुद्धी. चीनच्या रेडिओ, चित्रपट व दूरचित्रवाणी प्रशासनाने २०११ मध्ये कालप्रवासाच्या दूरचित्रवाणी मालिकांविषयी नापसंती व्यक्त केली होती. इतिहासाला त्या उथळपणे हाताळतात असा आक्षेप होता. त्या पार्श्वभूमीवर बेशुद्धीची चौकट सोयीची ठरते, कारण सगळा प्रवास स्वप्न म्हणूनही वाचता येतो. तोदोरोव ज्याला अद्भुताचे लक्षण मानतो ती अनिश्चितता, म्हणजे नैसर्गिक आणि अनैसर्गिक स्पष्टीकरणांमधले वाचकाचे घुटमळणे, येथे टिकवून धरलेली आहे. हा प्रवास खरा मानला तर पुत्राने पित्याला पाहिले. तो स्वप्न मानला तर पुत्राने पित्याची रचना केली. आपल्याला क्षमा करता येईल असा एक पिता त्याने स्वतःसाठी लिहिला. मग आईच्या नावाविषयीची माहिती त्याला मिळाली कोठून, हा प्रश्न उरतो आणि स्वप्नाचे वाचन अपुरे पडते. दोन्ही वाचने एकमेकांना पुरती हटवू शकत नाहीत, आणि समेटाची संदिग्धताही नेमकी याच जागी आहे.

लेखकाच्या चरित्रातून कृतीचा अर्थ काढण्याचा मोह समीक्षेने आवरला पाहिजे. तरीही एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. १९८२ मध्ये शांघायच्या चिनशान भागातील तिंगलिन येथे जन्मलेला हान हान किशोरवयात कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आला. पुढे तो मोटारशर्यतींतही उतरला. २०१२ मध्ये त्याच्या लेखनामागे त्याच्या पित्याचा हात असल्याचे आरोप जाहीरपणे करण्यात आले, आणि त्याने ते फेटाळले. ज्याचे कर्तृत्व पित्याच्या खात्यावर जमा करण्याचा प्रयत्न झाला, त्याच लेखकाने पुढे पित्याच्या तारुण्याची कथा रचली आणि ती आपल्या जन्मगावात घडविली. याचा कारणसंबंध लावण्याची गरज नाही. पित्याला कोण लिहितो, हा प्रश्न या कृतीच्या आसमंतात आहे, एवढेच त्यावरून दिसते.

५

आतापर्यंतच्या विवेचनात जे पात्र सतत कडेला राहिले ते चित्रपटातही कडेलाच राहिले आहे. ते म्हणजे आई. प्रसूतीनंतरच्या नैराश्यातून तिने आत्महत्या केली, हे कथानकातील सर्वांत गंभीर सत्य आहे. थायलांगच्या एकाकीपणाचे मूळ तेथे आहे, आणि चंगथायच्या अपराधाचेही. तुरुंगात जाणे ही मित्राशी राखलेली निष्ठा होती. पण त्याच निष्ठेने गरोदर पत्नीला एकटे सोडले. पाच नात्यांच्या भाषेत बोलायचे तर पाचव्या नात्याचे ऋण तिसऱ्या नात्याच्या खर्चाने फेडले गेले.

या विरोधाला चित्रपट सामोरा जात नाही. १९९८ मधील आई प्रसन्न, प्रेमळ, खेळकर आहे. तिच्या अंतरंगाकडे जाण्याची वाट कथनाने ठेवलेली नाही. तिला काय हवे होते, पती दूर असताना तिने ते महिने कसे काढले, तिच्या भोवती कोण होते, यांतले काहीही पडद्यावर येत नाही. तिचे दुःख ही माहिती म्हणून येते, अनुभव म्हणून येत नाही. पुत्राला पित्याच्या तारुण्यात दिवसच्या दिवस राहता येते. आईच्या अखेरच्या दिवसांत त्याला नेण्याची इच्छा कथनाला होत नाही. तेथे गेले असते तर विनोद थांबला असता, आणि कदाचित समेटही.

प्रदर्शनाच्या आधी, जानेवारी २०१७ मध्ये, चित्रपटाच्या प्रचारगीतावरून जो वाद झाला तो या संदर्भात पाहावा लागतो. पत्नीने कसे वागावे याविषयी पतीने घातलेल्या अटींचे ते गीत जपानी गायक मासाशी सादा यांच्या १९७९ च्या एका गीतावर आधारलेले होते. त्यातील पुरुषी अहंतेवर चीनमध्ये बरीच टीका झाली. गीतातील बढाई ही पात्राची आणि त्याच्या काळाची आहे, ती उपरोधाने ऐकावी, असा बचाव करता येतो आणि तो सर्वस्वी निराधारही नाही. परंतु उपरोधाला प्रतिस्वर लागतो. ज्या कृतीत पत्नीचा स्वतंत्र आवाजच नाही तेथे पतीच्या बढाईला उत्तर कोण देणार? टीकाकारांचे बोट गीताकडे होते. दुखणे संहितेत होते.

६

समेटाची घटना पूर्ण होण्यासाठी किमान चार गोष्टी लागतात : दोन पक्ष, त्यांच्यात घडलेला अन्याय, त्या अन्यायाची कबुली आणि त्या कबुलीचा स्वीकार. ‘डकवीड’मध्ये पहिल्या दोन आहेत. तिसरी आणि चौथी नाहीत. १९९८ मधील चंगथायला आपण ज्याच्याशी बोलत आहोत तो आपला मुलगा आहे हे ठाऊक नाही; शिवाय ज्याबद्दल कबुली द्यावी असे त्याच्या हातून अजून काही घडलेलेही नाही. उलट ज्याच्या हातून ते घडले तो वर्तमानातील प्रौढ चंगथाय या प्रवासात कोठेच नाही. थायलांग क्षमा करतो ती एका निरपराध तरुणाला, आणि तिचा लाभ होतो एका अपराधी पित्याला. ही क्षमा चुकीच्या पत्त्यावर गेलेली आहे. पुत्राला पिता समजला, हे खरे. पण पित्याला पुत्र समजला काय, या प्रश्नाचे उत्तर कथानकाच्या रचनेतच शक्य नाही.

चार वर्षांनी, २०२१ च्या नववर्षात, प्रदर्शित झालेल्या च्या लिंग दिग्दर्शित ‘हाय, मॉम’ या चित्रपटाशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथेही अपघात आहे, रुग्णालय आहे, आणि कन्या १९८१ मध्ये, आईच्या तारुण्यात, जाऊन पोहोचते. आपल्यासारखी निष्फळ मुलगी तिला होऊ नये, तिने अधिक चांगल्या घरात लग्न करावे, म्हणून कन्या धडपडते. शेवटी फाटलेल्या विजारीवर आईने लावलेले ठिगळ तिला आठवते, आणि ठिगळ लावण्याची ही कला तर आई आपल्या जन्मानंतर शिकली होती, हे तिच्या ध्यानात येते. म्हणजे त्या भूतकाळात आईही परत आलेली होती. तिने मुलीला पहिल्यापासून ओळखले होते आणि तेच आयुष्य पुन्हा निवडले होते. त्या चित्रपटात भावविवशता ‘डकवीड’पेक्षा पुष्कळ अधिक आहे, विनोदही ठिकठिकाणी स्थूल आहे. पण या एका ठिगळाने तेथील ओळख दुतर्फा होते. दोघींनाही ठाऊक असते, आणि दोघीही न सांगता वागतात. ‘डकवीड’मध्ये असे ठिगळ नाही.

मात्र ही उणीव केवळ कौशल्याची नाही. आईच्या कथेत मुलीला स्वतःचा अपराध वाटतो आणि आई तो नाकारते. तेथे क्षमा देणारी व्यक्ती मोठी आहे आणि क्षमा मागणारी लहान. पितृभक्तीच्या चौकटीत ही दिशा सहज बसते. पित्याच्या कथेत अपराध पित्याचा आहे. मोठ्याने लहानाची क्षमा मागावी यासाठी त्या परंपरेत सिद्ध विधी नाही. म्हणून ‘डकवीड’ला पित्याला आधी लहान करावे लागले, मित्र करावे लागले, आणि मग क्षमेची गरजच उरणार नाही अशी परिस्थिती निर्माण करावी लागली. चित्रपटाने शोधलेली वाट ही एका खऱ्या अडचणीवर शोधलेली आडवाट आहे. तिच्यातील कल्पकता मान्य करावी लागते, आणि ती मुक्कामापर्यंत जात नाही हेही.

चित्रपटाच्या दोन नावांत ही द्विधा उमटलेली आहे. चिनी नाव ‘छंग फंग फो लांग’ हे वाऱ्यावर स्वार होऊन लाटा कापीत जाण्याच्या पराक्रमाचे आहे, आणि त्यातील ‘लांग’, म्हणजे लाट, हे अक्षर पुत्राच्या नावातही आहे. त्याच नावातील ‘थाय’ हे अक्षर पित्याच्या नावातून आलेले. इंग्रजी नाव मात्र ‘डकवीड’ : पाण्यावर तरंगणारी, जमिनीत मूळ न धरणारी, प्रवाह नेईल तिकडे जाणारी बारीक पानांची वनस्पती. चिनी काव्यपरंपरेत ती निराधार भटक्याची प्रतिमा आहे. पहिले नाव पुत्राच्या विजयाचे, दुसरे त्याच्या आणि त्याच्या पित्याच्याही अवस्थेचे. मूळ नसलेल्या वनस्पतीला मूळ शोधून देणे हे या कथेने हाती घेतलेले काम होते. तिने पित्याकडे जाणारे मूळ शोधले आणि दाखविले. आईकडे जाणारे मूळ पाण्याखालीच राहिले. आणि पुत्राचा एकाकीपणा त्याच मुळाशी निगडित असल्यामुळे हा समेट अर्धाच झाला, असा निष्कर्ष काढावा लागतो.